निर्यात वाढली म्हणजे समुद्रात मासे वाढले का? सरकारी आकडे वाचताना



पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "प्रस्तावनेत आकडे कुठले द्यायचे? सरकारी दिले की चालतात ना?" चालतात. पण कसे चालतात आणि कुठे अडखळतात, हे मी स्वतः पडून शिकले. म्हणून आधी माझीच चूक सांगते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लिहिलेल्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं: 'भारताची सागरी उत्पादनांची निर्यात वाढत असून त्यावरून आपल्या किनाऱ्यावरील मत्स्यसाठ्यांची क्षमता स्पष्ट होते.' वाक्य भारदस्त होतं. आकडा सरकारी, वर्ष बरोबर, संदर्भही दिलेला. माझ्या गाइड मॅडमनी 'त्यावरून' या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि म्हणाल्या, "हे त्यावरून कसं ठरतं, एवढंच सांग." मला सांगता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला आणि माझे चार महिने गेले.

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. सरकार जेव्हा एखाद्या उद्योगाला प्रोत्साहन देतं, तेव्हा त्या उद्योगाचे बरेचसे आकडेही सरकारच गोळा करतं. ते आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. बहुतेकदा ते खरेच असतात. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतात, आणि आपण ते आपल्या प्रश्नाला चिकटवतो.

आधी एक लांबचं उदाहरण घेते, मग आपल्या करंजा-मोऱ्याच्या धक्क्यावर येते.

सीलची गोष्ट: एका धंद्याचे तीन आकडे

सील हा थंड समुद्रातला सस्तन प्राणी. आपल्या किनाऱ्यावर तो नाही, त्यामुळे मराठीत त्याला रुळलेला शब्दही नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, मुख्यतः न्यूफाउंडलंडच्या बाजूला, हार्प सीलची व्यापारी शिकार होते. कातडी, चरबीचं तेल आणि मांस विकलं जातं. तेलाच्या ओमेगा-3 कॅप्सूलही निघतात.

या धंद्याच्या पाठीशी सरकार उघडपणे उभं आहे. न्यूफाउंडलंडच्या प्रांतिक सरकारनं 2012 मध्ये कातडी विकत घेणाऱ्या कंपनीला 36 लाख डॉलरचं कर्ज दिलं, जेणेकरून शिकाऱ्यांचा माल उचलला जाईल. 2017 मध्ये कॅनडाच्या संसदेनं कायदा करून 20 मे हा 'राष्ट्रीय सील उत्पादन दिन' ठरवला. त्याआधी 2009 मध्ये तिथल्या गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ यांनी रँकिन इनलेट या इनुइट वस्तीत सर्वांसमोर सीलचं कच्चं काळीज खाल्लं आणि जगभर बातमी झाली.

समजा तुम्हाला या धंद्यावर संशोधन करायचं आहे. तुमच्यासमोर तीन आकडे येतील.

पहिला आकडा कोट्याचा. हार्प सीलचा वार्षिक कोटा 4 लाखांवर गेला होता. दुसरा प्रत्यक्ष शिकारीचा. 2004 मध्ये 3 लाख 60 हजारांहून जास्त सील मारले गेले, पण नंतर कित्येक वर्षं हा आकडा एक लाखाच्याही खाली राहिला. तिसरा आकडा प्राण्यांच्या संख्येचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती 20 लाखांच्या आसपास होती आणि पुढच्या काही दशकांत 70 लाखांच्या वर गेल्याचे अंदाज आले. अलीकडच्या अंदाजात ती पुन्हा बरीच खाली आली आहे.

आता फक्त कोटा वाचणारा म्हणेल, 'केवढा मोठा उद्योग!' फक्त शिकारीचा आकडा वाचणारा म्हणेल, 'सील संपत आले.' दोघंही चुकले. शिकार घटली त्याचं मोठं कारण बाजार बंद झाला हे होतं. अमेरिकेनं 1972 मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा करून सील उत्पादनांची आयात बंद केली. युरोपनं 1983 मध्ये पांढऱ्या पिल्लांच्या कातडीवर बंदी घातली. युरोपीय संघानं 2009 मध्ये व्यापारी शिकारीतून आलेल्या जवळपास सगळ्या सील उत्पादनांना दार बंद केलं आणि 2011 मध्ये रशियानंही हार्प सीलची कातडी घेणं थांबवलं.

म्हणजे 'किती मारायला परवानगी आहे', 'किती मारले' आणि 'किती आहेत' हे तीन वेगळे प्रश्न झाले. चौथा प्रश्न आहे 'किती विकले गेले'. एका प्रश्नाच्या आकड्यावरून दुसऱ्याबद्दल बोलायचं असेल तर मध्ये पुरावा लागतो. माझ्या 'त्यावरून'मध्ये तो पुरावाच नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट बघा. कोटा ठरवणारं, परवाने देणारं आणि सील मोजणारं खातं एकच आहे, कॅनडाचं मत्स्य व सागर खातं. म्हणून त्यांची मोजणी टाकाऊ ठरत नाही. ती वैज्ञानिक पद्धतीनं होते आणि वेगवेगळ्या देशांचे शास्त्रज्ञ असलेला आंतरराष्ट्रीय कार्यगटही तिची तपासणी करतो. संशोधक म्हणून आपण विचारायचं ते एवढंच: मोजणाऱ्याच्या बाहेरच्या कुणी हा आकडा तपासला आहे का?

आपल्याकडे: कर्जही सरकारचं, कायदाही सरकारचा

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्याकडे सीलच्या जागी आहे कोळंबी.

1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. मूळ हेतू मच्छीमारांचं राहणीमान सुधारणं हा होता. पण त्याच दशकात कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली आणि सगळं गणित बदललं. यांत्रिक बोट, ट्रॉल जाळं, बर्फ, शीतगृह अशी साखळी उभी राहिली. हळूहळू सगळ्याच किनारी राज्यांत यांत्रिक बोटींना कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बोटींच्या डिझेलवरचा कर परत मिळतो, हे उरण-अलिबागकडच्या कुठल्याही बोटमालकाला विचारा. परतावा कधी जमा होणार, हा तिथला कायमचा विषय असतो.

1972 मध्ये संसदेनं सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एमपीडा, स्थापन करणारा कायदा केला. नावातच काम आहे: निर्यातीचा विकास. हे प्राधिकरण वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, तिची रक्कम होती 20,050 कोटी रुपये.

ही प्रोत्साहनाची बाजू झाली. दुसरी बाजूही त्याच काळातली आहे. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन ओढायला लागले तशी लहान मच्छीमारांची जाळी तुटू लागली आणि पकड घटली. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी मोठं आंदोलन केलं. मग 1980 मध्ये केरळ आणि गोव्यात, आणि 1981 मध्ये महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. ट्रॉलर घ्यायला कर्ज देणारं सरकार आणि ट्रॉलरनं इथे यायचं नाही असं सांगणारं सरकार एकच. पर्ससीन जाळ्यांचंही तसंच झालं. आधी परवाने दिले गेले, मग सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानं हे परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करत 182 वर आणायचं ठरलं. 2021 मध्ये मूळ कायदाही दुरुस्त करून कडक केला.

यात कुणी लबाड आहे असं सुचवायचं नाही. सरकारला रोजगार हवा असतो, परकीय चलन हवं असतं आणि समुद्रही टिकायला हवा असतो. एकाच डोक्यावर दोन टोप्या असल्या की कुठला कागद कुठली टोपी घालून लिहिलाय, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा

आता माझ्या चुकीच्या वाक्याची चिरफाड करू. वहीत दोन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात एमपीडाचे निर्यातीचे आकडे. 2018-19 मध्ये 13.93 लाख टन, किंमत सुमारे 46,589 कोटी रुपये. 2019-20 मध्ये 12.90 लाख टन, किंमत सुमारे 46,663 कोटी. वजन घटलं, रुपये किंचित वाढले. पुढे 2023-24 मध्ये 17.82 लाख टन आणि सुमारे 60,524 कोटी. लांबून बघितलं तर चढता आलेख.

दुसऱ्या रकान्यात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे सीएमएफआरआयचे, किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचे आकडे. 2019 मध्ये देशभरात 35.6 लाख टन मासळी उतरली, आदल्या वर्षापेक्षा थोडी जास्तच. पण महाराष्ट्रात? 2018 मध्ये 2.95 लाख टन, 2019 मध्ये 2.01 लाख टन. एका वर्षात जवळपास 32 टक्के घट, आणि संस्थेच्या नोंदीनुसार गेल्या 45 वर्षांतला नीचांक.

म्हणजे ज्या काळात निर्यातीतून मिळणारे रुपये टिकून होते, त्याच काळात महाराष्ट्राच्या धक्क्यांवर 45 वर्षांतली सर्वांत कमी मासळी उतरत होती. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही खरे. मग हे कसं?

कारण पहिलं: 'सागरी उत्पादने' या शब्दांत तळ्यातली कोळंबीही येते. 2019-20 मध्ये डॉलरच्या हिशेबात निर्यातीच्या जवळपास तीन-चतुर्थांश किंमत एकट्या गोठवलेल्या कोळंबीची होती आणि त्यातली बहुतांश व्हनामी जातीची. ही मूळची लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची. भारतात 2009 मध्ये तिला परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशात तिची प्रचंड शेती होते. पनवेलच्या मासळी बाजारातही ती आता सहज मिळते. ती समुद्रातून येतच नाही. तिच्या निर्यातीवरून अरबी समुद्रातल्या मत्स्यसाठ्याबद्दल बोलणं म्हणजे पोल्ट्रीची विक्री वाढली म्हणून रानात रानकोंबड्या वाढल्या असं म्हणणं. मी नेमकं तेच केलं होतं.

कारण दुसरं: वर्ष वेगळं. एमपीडा आर्थिक वर्ष धरतं, एप्रिल ते मार्च. सीएमएफआरआय कॅलेंडर वर्ष धरते, जानेवारी ते डिसेंबर. '2019' आणि '2019-20' हे एकाच आलेखावर एकाच बिंदूत टाकायचे नसतात. परीक्षक हे पहिल्या पानावर पकडतात.

कारण तिसरं: मोजायची पद्धत वेगळी. निर्यातीचा आकडा हा प्रत्यक्ष पाठवलेल्या मालाच्या नोंदींची बेरीज आहे. मासळी उतरण्याचा आकडा हा नमुन्यावरून काढलेला अंदाज आहे. सगळ्या धक्क्यांवर सगळे दिवस माणूस उभा करणं शक्य नसतं. म्हणून ठरावीक पद्धतीनं काही धक्के, त्यातले काही दिवस आणि त्या दिवशीच्या काही बोटी निवडतात, मोजतात आणि त्यावरून पूर्ण महिन्याचा, पूर्ण राज्याचा अंदाज काढतात. याला स्तरित बहुटप्पी यादृच्छिक नमुना निवड म्हणतात. नाव भयंकर आहे, कल्पना सोपी आहे: भाताची चार शितं दाबून हंडी बघायची, फक्त शितं कुठून काढायची याचे नियम ठरलेले. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभागही स्वतःची मोजणी करतो. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. तुम्ही कुठला घेतला आणि का, हे प्रबंधात लिहावं लागतं.

कारण चौथं: 'महाराष्ट्राची मासळी' म्हणजे महाराष्ट्रात उतरलेली मासळी. ती कुठल्या पाण्यात पकडली हे त्या आकड्यात नसतं.

थांबा, उलट्या बाजूनंही घसरू नका

इथे आणखी एक सापळा आहे आणि हुशार विद्यार्थी त्यातच पडतात. 2019 चा नीचांक मिळाला की हात शिवशिवतात: 'त्यावरून' महाराष्ट्रातली मासळी संपत चालली आहे! पुन्हा तोच शब्द.

2019 मध्ये अरबी समुद्रात वादळांची रांग लागली होती. जूनमध्ये वायू, सप्टेंबरमध्ये हिक्का, ऑक्टोबर अखेरीस क्यार आणि लगेच पाठोपाठ महा. पावसाळी बंदी संपून नारळी पौर्णिमेनंतर जो मुख्य हंगाम सुरू होतो, त्यातच बोटी परत परत किनाऱ्याला लागल्या. बोट समुद्रात गेलीच नाही तर मासळी उतरणार कुठून? सीलची शिकार घटली ती सील संपले म्हणून नव्हे, तसंच इथेही एका वर्षाच्या घटीवरून साठा संपला असं म्हणता येत नाही.

म्हणून मत्स्यशास्त्रात नुसती पकड बघत नाहीत, 'प्रयत्नामागे पकड' बघतात. कल्पना करा, एका बोटीनं 10 फेऱ्यांत 1000 किलो आणले, म्हणजे फेरीमागे 100 किलो. पुढच्या वर्षी वादळामुळे 6 फेऱ्याच झाल्या आणि 600 किलो आले. एकूण पकड 40 टक्क्यांनी घटली, पण फेरीमागे 100 किलोच. साठ्याबद्दल यातून काही वाईट सिद्ध होत नाही. उलट समजा पकड 1000 किलोच राहिली, पण त्यासाठी 20 फेऱ्या कराव्या लागल्या, तर एकूण आकडा जसाच्या तसा आणि फेरीमागे निम्मा. वार्षिक बेरजेत हे दिसणार नाही. बोटमालकाच्या डिझेलच्या बिलात मात्र पहिल्या महिन्यात दिसेल.

त्यातही मेख आहे. इंजिन मोठं झालं, मासळी शोधणारं यंत्र आलं, जाळं लांब झालं, तर 'एक फेरी' ही दहा वर्षांपूर्वीची फेरी राहत नाही. साठा घटत असतानाही फेरीमागची पकड टिकलेली दिसू शकते. आणि इंजिन मोठं करायला मदत कुणी केली? प्रोत्साहन योजनेनं. म्हणजे योजना ही फक्त पार्श्वभूमी राहत नाही, ती तुमच्या मापपट्टीलाच ताणते. प्रयत्न मोजताना बोटीची अश्वशक्ती, समुद्रात घालवलेले तास, जाळ्याचा प्रकार यांची नोंद हवी ती याचसाठी.

बंदी आली की 'कोण जिंकलं' वाचू नका

सील आणि कोळंबी या दोन धंद्यांची आणखी एका ठिकाणी गाठ पडते: जागतिक व्यापार संघटनेत.

अमेरिकेनं 1989 मध्ये नियम केला की समुद्री कासवं मारली जातील अशा पद्धतीनं पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. ट्रॉल जाळ्यात कासव बाहेर सुटेल असं एक साधन बसवायचं, त्याला 'टेड' म्हणतात. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी 1996 मध्ये तक्रार केली. 1998 मध्ये अपिलाचा निकाल लागला आणि तो अमेरिकेच्या विरोधात गेला. आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ 'आपण जिंकलो' असा लावला गेला.

निकाल नीट वाचला तर वेगळं दिसतं. कासवं वाचवण्यासाठी व्यापारावर बंधन घालणं मुळातच चूक, असं अपील मंडळानं म्हटलंच नाही. बंधन वेगवेगळ्या देशांना मनमानी भेदभावानं लावलं, ही चूक ठरवली. अमेरिकेनं लावण्याची पद्धत बदलली आणि 2001 मध्ये बदललेली पद्धत मान्य झाली. नियम राहिलाच.

सीलच्या बाबतीत 2014 मध्ये असंच झालं. कॅनडा आणि नॉर्वेच्या तक्रारीवर अपील मंडळानं सांगितलं की प्राण्यांच्या क्रूर वागणुकीबद्दल लोकांच्या नैतिक भावना जपण्यासाठी बंदी घालता येते, पण इनुइटांसाठीची आणि इतर सवलत ज्या प्रकारे दिली त्यात भेदभाव आहे. युरोपनं 2015 मध्ये सवलतींची रचना बदलली. बंदी राहिलीच. दोन्ही बाजूंनी मात्र आपापल्या देशात विजय जाहीर केला.

धडा असा: निकाल किंवा अहवाल उद्धृत करताना मथळा वाचू नका, 'कशावर' निर्णय झाला ते वाचा.

पण माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न त्यापुढे आहे: झळ कुणाला बसली? इनुइटांना युरोपच्या नियमात कागदावर सवलत होती. पण 1983 नंतर बाजारच कोसळला, कातडीचे भाव पडले आणि घरापुरती शिकार करून थोडी कातडी विकणाऱ्या कुटुंबांचं रोख उत्पन्न गेलं. मोठी व्यापारी शिकार न्यूफाउंडलंडच्या बाजूची. जाहिरातीतला चेहरा मात्र बऱ्याचदा इनुइटांचा.

आपल्याकडे 2018-19 च्या सुमारास अमेरिकेनं टेड नसल्याच्या कारणावरून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. निर्यातीच्या चढत्या आलेखात हे शोधून बघा, जेमतेम दिसेल. तळ्यातल्या कोळंबीला बंदी लागू नव्हती आणि अमेरिकेला जाणारा बहुतेक माल तिचाच होता. ज्याची बोट आणि जाळं समुद्रात आहे त्याचं नुकसान सरासरीत विरघळून गेलं. सरासरी चुकली नव्हती. तिच्याकडे तो प्रश्नच नव्हता.

मग करायचं काय? चार प्रश्न

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता हे चार प्रश्न लिहिलेले असतात. योजनेचं माहितीपत्रक, खात्याचा अहवाल, मंत्र्यांचं भाषण, काहीही वाचताना मी ते समोर ठेवते.

1. हा आकडा कशाचा आहे? परवानगीचा, पकडीचा, विक्रीचा, की समुद्रातल्या साठ्याचा? शब्दाची व्याख्या काय? 'सागरी', 'उत्पादन', 'लाभार्थी' हे शब्द रोजच्या अर्थानं आले आहेत की खात्याच्या अर्थानं?

2. कुणी मोजला, आणि त्याचं काम काय आहे? निर्यात वाढवणं ज्याचं काम आहे त्यानं दिलेला निर्यातीचा आकडा उत्तम असतो. साठ्याबद्दलची त्याची टिप्पणी मात्र दुसरीकडे तपासायची.

3. कसा मोजला? पूर्ण बेरीज की नमुना? कुठलं वर्ष? मधे पद्धत बदलली का?

4. या सरासरीत कोण दिसत नाही? पोस्टरवर डोलकर आणि टोपलीवाली मावशी आहे. अनुदानाच्या यादीत कुणाच्या बोटी आहेत? उत्तर मनाशी आधीच ठरवू नका. यादी मिळवा, माहितीचा अधिकार वापरा, मग बोला.

एक ताजं उदाहरण तुम्हीच सोडवून बघा. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सिल्व्हर पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी 54 जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली आणि पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. हेही एक प्रकारचं प्रोत्साहनच, पण आवर घालून केलेलं. याचा परिणाम झाला का, हा सुंदर संशोधन प्रश्न आहे. पण सुरुवातीलाच अडचणी बघा. लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची, शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या खाचेपर्यंत? किमान लांबी आणि पहिल्यांदा अंडी धरण्याची लांबी एकच आहे का? (या दोन वेगळ्या संकल्पना आहेत, एक धरून चालू नका.) आणि मोजायचं कुठे, जाळ्यात, धक्क्यावर की बाजारात?

मी उत्साहानं पट्टी घेऊन बाजारातच गेले होते. ज्या मावशींकडे आमच्या घरची मासळी वर्षानुवर्षं येते, त्यांनी मला दहा-बारा पापलेटं मोजू दिली. मग म्हणाल्या, "बारकी आहेत ती मी इथे आणतच नाय. गिऱ्हाईक घेत नाय. ती धक्क्यावरूनच जातात दुसरीकडे." माझा सगळा नमुना गाळून आलेला होता आणि ते मला एका वाक्यात कळलं. पद्धतीचं पुस्तक याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतं. मोजणी बाजारातून धक्क्यावर हलवली. पहाटे साडेचारला उठणं आलं, पण निदान मोजतेय ते काय आहे हे कळतं.

शेवटी त्या वाक्याचं काय झालं?

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता असं आहे: 'निर्यातीचे आकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मत्स्यसाठ्यांची स्थिती दर्शवत नाहीत, ती समजण्यासाठी धक्कानिहाय आणि प्रयत्ननिहाय नोंदी आवश्यक आहेत.' आधीच्यापेक्षा कमी भारदस्त. पण यातल्या प्रत्येक शब्दामागे मी उभी राहू शकते.

आणि हे फक्त गुणांसाठी नाही. उद्या कुणी तुमचा प्रबंध काढून म्हणेल, 'बघा, साठा भरपूर आहे, आणखी बोटींना परवाने द्या', किंवा उलट, 'साठा संपला, यांचे परवाने काढा.' दोन्हीकडे खाली एखादं घर असतं. आपला एक 'त्यावरून' त्या घरापर्यंत जाऊ शकतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या विषयातली एक सरकारी प्रोत्साहन योजना घ्या, मग ती रेशीम असो, मध असो की सौर पंप. तिच्या माहितीपत्रकातला एकच आकडा निवडा आणि त्याला वरचे चार प्रश्न विचारा. उत्तरं अर्ध्या पानात लिहून गाइडना दाखवा. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथेच बहुतेक तुमचा संशोधन प्रश्न असेल.

भेटू पुढच्या लेखात. तेव्हा नमुना निवडीबद्दल जरा सविस्तर बोलू, शितं कुठून काढायची त्याबद्दल.